साल घ्या, मूळ सोडा : नरक्याच्या झाडाविषयी एक खुले पत्र

प्रति,
राज्यातील वने, जैवविविधता आणि औषधी वनस्पती यांचा कारभार पाहणारे मंत्री, सचिव आणि अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

कर्करोगावरच्या औषधाच्या कच्च्या मालासाठी आमच्या रानांतून ज्याची साल, खोड आणि मुळे नेली जातात, त्या नरक्याच्या झाडाबद्दल आमच्या ग्रामसभेने एक ठराव करून पाठवला होता. मागणी तीनच गोष्टींची होती : मुळे खणण्यावर बंदी घाला, तोड नियमात आणा, आणि गावाला रोपवाटिका काढू द्या. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आले. ‘सदर प्रजातीबाबत स्वतंत्र धोरण अस्तित्वात नसल्याने प्रस्ताव दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ दप्तरी दाखल म्हणजे काय, हे सरकारदरबारी चपला झिजवलेल्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. म्हणून या वेळी पत्र पाकिटात न घालता चारचौघांत वाचून दाखवते आहे.

मी कोयना खोऱ्यातली. शिक्षण रसायनशास्त्राचे, आणि नोकरीची बहुतेक वर्षे वनस्पतींचे अर्क काढणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. कारखान्याचे नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते एकट्या त्याचे नाही, साऱ्या धंद्याचे आहे. आता निवृत्त होऊन गावी राहते. गावाच्या वर, धारेखाली, भावाचे मालकी रान आहे. त्यातले नरक्याचे झाडोरे गेल्या हिवाळ्यात गेले. तोडले असे म्हणवत नाही, कारण तोडलेल्या झाडाचा बुंधा तरी मागे राहतो. इथे बुंध्यांच्या जागी खड्डे होते. खड्ड्यांच्या भिंतींवर टिकावाचे घाव, कडेला बारीक मुळांचा गळाठा पडलेला. जाड मुळे पोत्यांत भरून गेली होती.

गैरसमज नको म्हणून आणखी एक आधीच सांगते. माझ्या धाकट्या काकांना आतड्याचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांना सलाइनमधून जी औषधे दिली त्यांत आयरिनोटेकान होते. ते औषध नरक्यातून निघणाऱ्या रसायनापासूनच बनते. त्याने काकांना जो काळ मिळाला तो आमच्या घराला मोलाचा होता. तेव्हा ‘झाडाला हातच लावू नका’ असे म्हणणाऱ्यांतली मी नव्हे.

ज्यांनी हे झाड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे. नरक्या डोळ्यांत भरणारा नाही. मध्यम चणीचे झाड, पावसाळ्यात येणाऱ्या फुलांना घाण वास, पाऊस सरल्यावर पिकणारी जांभळट काळी फळे. लाकूड इमारतीला चालत नाही, फळाला बाजार नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही आणि त्यातच त्याचे भले झाले. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना, जुन्या पुस्तकांत मॅपिया फोटिडा.

१९६६ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी कॅम्पटोथेका नावाच्या चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारे द्रव्य वेगळे केले. वाणी मूळचे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचे दुसरे औषध शोधणाऱ्या जोडगोळीतही तेच होते. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव मला कधी दिसले नाही, हे जाता जाता. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून जाहीर केले की हेच द्रव्य आपल्या मॅपियातही आहे, आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात. म्हणजे नरक्याच्या पोटात काय दडले आहे, हे कळले तेच मुळी मुंबईच्या एका उपनगरात. ही बातमी आपल्यासाठी नवी नाही, पन्नास वर्षांपूर्वीची आहे.

सुरुवातीला या द्रव्याने निराशाच केली. ते पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला, तर मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या थांबल्या. पेशीची वाढ होताना डीएनएचा पीळ सैल करणारे टोपोआयसोमरेज-१ नावाचे एक एन्झाइम असते. कॅम्पटोथेसिन नेमके त्यालाच अडकवून ठेवते, हे १९८५ च्या सुमारास उलगडले आणि संशोधन पुन्हा सुरू झाले. जपानमध्ये याकुल्ट कंपनीने कॅम्पटोथेसिनपासून आयरिनोटेकान घडवले. होय, छोट्या बाटल्यांतले आंबट-गोड पेय विकणारी तीच. तिथे त्याला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत १९९६ मध्ये टोपोटेकान आणि आयरिनोटेकान ही दोन्ही औषधे आली. आपल्या केंद्र सरकारने २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आयरिनोटेकान घातले. औषध अत्यावश्यक, आणि ज्या झाडातून त्याचा कच्चा माल निघतो त्याला ‘स्वतंत्र धोरण अस्तित्वात नाही’. हे दोन कागद एकाच सरकारचे आहेत.

आता माल कसा निघतो ते सांगते, कारण पुढच्या साऱ्या तक्रारी त्यातूनच येतात. कारखान्याच्या गेटवर पोती येतात. आत ढलप्या असतात : सालीच्या, लाकडाच्या, मुळांच्या, सगळ्या एकत्र. त्या वाळवून दळतात. भरड भुगा मोठ्या टाकीत भरून त्यावर मिथेनॉल सोडतात आणि ऊब देत काही तास फिरवत ठेवतात. हिरवट तपकिरी रस निघतो. त्यातले मिथेनॉल उडवले की मागे काकवीसारखा दाट गाळ उरतो. मग दुसरे द्रावक, मग गाळणी, मग थंड करणे, आणि शेवटी फिकट पिवळी बारीक स्फटिकांची पूड. ती भरणारे कामगार डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले असतात, कारण कर्करोगाची पेशी मारणारी वस्तू चांगल्या पेशीलाही सोडत नाही. टनभर वाळलेल्या मालातून एखाददुसरा किलो, फार उत्तम माल असेल तर तीनपर्यंत. आणि टनभर वाळलेला माल म्हणजे रानातून त्याहून कितीतरी जास्त ओला माल आलेला असतो. यावरून डोंगराचा हिशेब आपला आपण करावा.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार मुळांबद्दल आहे. मुळांत हे द्रव्य खोडापेक्षा जास्त असते हे खरे, म्हणून व्यापारी मुळांना चढा भाव देतो. ज्याच्या हाती टिकाव आहे तो भावाकडे बघतो. त्याला दोष देऊन काय मिळणार? पण नरक्या हे असे झाड आहे की बुंधा जमिनीपासून हात-दीड हात वर नीट कापला तर त्याला फुटवे येतात. काही वर्षांनी तेच झाड पुन्हा माल देते. मूळ खणले की ते झाड संपले, त्याचे बी संपले, आणि उतारावरची मातीही मोकळी झाली. आमच्याकडे पाऊस कसा पडतो हे आपणास माहीत आहे. शिवाय याचे बी सहज रुजत नाही, लवकर निकामी होते, आणि काही झाडे नुसती नर असल्याने त्यांना फळच धरत नाही. फुटव्यांवर जगू शकणारे झाड आपण मुळासकट उपटू देतो आहोत. तोडीचे नियम करायला वेळ लागेल हे मी समजू शकते, पण मुळे खणू नयेत एवढे एका ओळीचे परिपत्रक काढायला किती लागतो?

साल सोलण्याचेही तसेच. झाडाभोवती पूर्ण वळसा घालून साल काढली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड उभ्याउभ्या वाळते. एका अंगाची उभी पट्टी काढली तर झाड जखम भरून काढू शकते. साल काढणाऱ्याला हे दाखवायला अर्धा तास पुरतो. हे कुणी कुणाला शिकवल्याचे मी आमच्या भागात पाहिलेले नाही.

दुसरी तक्रार पकडापकडीची. रात्री पिकअप अडवतात, पोती उतरवतात, पंचनामा होतो, मुद्देमाल जप्त. चांगली गोष्ट आहे. पण पंचनाम्यात काय लिहिले जाते? मी वाचलेल्या एका पंचनाम्यात ‘किरकोळ जळाऊ लाकूड, अंदाजे अमुक किलो’ असे होते. एकदा का कागदावर जळाऊ लाकूड झाले की गुन्ह्याचे मोल सरपणाचे ठरते, दंडही सरपणाचाच. वनरक्षकाला दोष देत नाही. ढलप्या झाल्यावर नरक्या आणि आणखी दहा झाडे यांत फरक करणे मलाही नुसत्या नजरेने जमणार नाही. पण ओळख पटवणे अवघड नाही. ढलपीचा चिमूटभर भुगा स्पिरिटमध्ये भिजवायचा, त्याचा थेंब सिलिकाच्या पट्टीवर टेकवायचा, शेजारी शुद्ध नमुन्याचा थेंब, पट्टी द्रावकात उभी करायची आणि सुकल्यावर अतिनील दिव्याखाली धरायची. कॅम्पटोथेसिनचा ठिपका लख्ख निळा चमकतो. निळे चमकणारे इतरही पदार्थ असतात, म्हणून शुद्ध नमुन्याच्या उंचीशी ताडून बघायचे, आणि खटला उभा राहणार असेल तर प्रयोगशाळेत एचपीएलसी या मिश्रणातली द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर प्रमाण काढायचे. नोटा तपासायला दुकानदार जो दिवा वापरतो त्याच जातीचा दिवा लागतो. प्रत्येक तपासणी नाक्यावर एक दिवा, एक बाटली आणि डबाभर पट्ट्या, एवढ्यावर ‘जळाऊ लाकूड’ लिहायची वेळ येणार नाही.

जप्त मालाचे पुढे काय होते? ताडपत्रीखाली पडून राहतो. एका डेपोच्या आवारात पावसाळ्यानंतर मी अशी पोती पाहिली, खालची फाटून भुगा चिखलात मिसळलेला, वर बुरशी. त्यातून औषध होणार नाही आणि झाड परत येणार नाही. काहीजण म्हणतात की लिलाव करा. माझा त्याला सक्त विरोध आहे, कारण बोली लावायला तोच येणार ज्याच्यासाठी माल तोडला होता, आणि पावती हाती पडली की त्याच पावतीवर पुढची दहा पोती फिरतील. त्यापेक्षा कोर्टाची परवानगी घेऊन तो माल सरकारी संशोधन संस्थांना द्यावा. तपासणीला लागणारे प्रमाण-नमुने त्यातूनच तयार होतील.

तिसरी तक्रार : साखळीचे एकच टोक आपल्या हाती लागते, ते म्हणजे खालचे. आमच्या खोऱ्यात अशा प्रकरणांत ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले त्यांतले बहुतेक रोजंदारीवर जाणारे पोरगे आहेत. त्यांना कॅम्पटोथेसिन हा शब्दही माहीत नाही. पोती भरून देणाऱ्याच्या वर मुकादम, त्याच्या वर शहरातला व्यापारी, त्याच्या वर कारखाना. मी कारखान्याच्या आत होते म्हणून सांगते : गेटवर ओलावा तपासतात, प्रमाण तपासतात, वजन तर दोनदा करतात. माल कुठल्या गावच्या कुठल्या रानातून आला, हे विचारणारा रकानाच नव्हता. बिलावर ‘औषधी साल, भरड’ एवढेच. आम्ही प्रयोगशाळेतून हा रकाना मागितला होता, तर उत्तर मिळाले की कायद्याने विचारलेले नाही.

कायद्याने विचारलेले नाही हे अर्धसत्य आहे. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यातल्या कलम ७ प्रमाणे व्यापारासाठी जैविक साधने घेणाऱ्याने राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवायचे असते. कलम २४ प्रमाणे मंडळ स्थानिक संस्थांशी बोलून असा वापर रोखू शकते किंवा त्यावर मर्यादा घालू शकते. कलम ३८ खाली नामशेष होण्याच्या वाटेवरच्या जाती जाहीर करून त्यांच्या संकलनावर बंदी किंवा नियमन आणता येते. कलम ४१ ने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती दिली, तिला संकलन शुल्क घेण्याचा अधिकार दिला. २०१४ च्या नियमावलीने लाभवाटणी, म्हणजे अशा व्यापारातून द्यायचा वाटा, किती टक्के हेही ठरवून दिले. हत्यारांची वाण नाही. ती म्यानातून बाहेर काढणारा हात दिसत नाही, एवढेच.

आमच्या गावच्या समितीचे लोक जैवविविधता नोंदपुस्तक, म्हणजे गावातल्या झाडा-जनावरांची नोंदवही, मी मागून घेऊन वाचले. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती, त्या धांदलीत ते तयार झालेले. तुळस आहे, कोरफड आहे, कडुनिंब आहे, अगदी दारातली जास्वंदसुद्धा आहे. नरक्या नाही. ज्याच्यासाठी रात्री गाड्या लागतात ते झाड गावच्या पुस्तकात नाही, मग समितीने शुल्क मागायचे ते कशाच्या आधारावर? पुस्तक लिहायला आलेल्या माणसाने धारेवर जाणाऱ्या गुराख्याला विचारले असते तर दहा मिनिटांत नोंद झाली असती.

चौथी तक्रार मालकी रानांची. कोयना, चांदोली, राधानगरी ही राने संरक्षित आहेत, २०१२ पासून जागतिक वारशातही आहेत. तिथे वन्यजीव कायदा लागू होतो, निदान कागदावर. पण कोकणात आणि घाटमाथ्यावर रानाचा मोठा हिस्सा खासगी मालकीचा आहे. तिथली तोड पाहणारा कायदा १९६४ चा. तो लिहिला तेव्हा डोळ्यांसमोर साग, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ असली लाकडाफळांची झाडे होती. नरक्यात काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते, ते कळायला आणखी आठ वर्षे होती. यात कुणाचा दोष नाही. पण १९७२ नंतर ते कळले, १९९० च्या दशकात मागणी वाढली, आणि तरीही मालकी रानातल्या या झाडाची राखण शेवटी मालकाच्या जागरणावर सोडलेली आहे. माझा भाऊ सत्तरीला आला आहे. त्याने रात्री धारेवर बसून राखण करावी, अशी अपेक्षा आहे काय?

पाचवी गोष्ट तक्रारीपेक्षा इशारा आहे. २०२३ मध्ये जैवविविधता कायद्यात दुरुस्ती झाली आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलत मिळाली, उगमाचा दाखला असेल तर. हेतू चांगला. पण हा दाखला स्थानिक समितीच्या सही-शिक्क्याने मिळणार, आणि आमच्याकडच्या समित्यांचे हाल वर सांगितलेच. रानातून उपटलेला माल ‘लागवडीचा’ म्हणून दाखवायला यापेक्षा सोपी वाट कुठली? नरक्या म्हणजे भुईमूग नव्हे. लावल्यापासून तोडण्याजोगा व्हायला वर्षे लागतात. लागवडीची तारीख, क्षेत्र आणि झाडांची संख्या न पाहता दाखला दिला गेला तर तो दाखला तस्कराचा गेटपास होईल.

मला माहीत आहे, यावर आपल्याकडून एक उत्तर ठरलेले असते : ‘औषधाची गरज आहे, कठोर नियम केले तर कच्चा माल मिळणार नाही, रुग्णांचे नुकसान होईल.’ काकांच्या आजारपणात रुग्णालयाच्या बाकावर बसलेली मी, मला हे उत्तर हलक्यात घेता येत नाही. पण ते खरे नाही, आणि खरे नसल्याचा पुरावा वाणींच्याच दुसऱ्या शोधात आहे. टॅक्सॉल पॅसिफिक यूच्या सालीतून काढत असत. एका किलोला दोन-तीन हजार झाडे लागत. अमेरिकेत लोक ओरडले, तेव्हा १९९२ मध्ये तिथल्या संसदेने केवळ या एका झाडासाठी वेगळा कायदा केला. औषध थांबले नाही. उलट युरोपातल्या यूच्या पानांतून पूर्वद्रव्य घेऊन टॅक्सॉल बनवण्याची रीत कारखान्यांनी उचलली, कारण सालीचा सोपा रस्ता बंद होत होता. पाने खुडली तरी झाड उभे राहते. चीननेही १९९९ च्या यादीत आपल्या कॅम्पटोथेकाला राष्ट्रीय संरक्षण दिले आणि लागवडीकडे मोर्चा वळवला. साल फुकट आणि बेहिशेबी मिळत राहिली तर कुठलाही कारखाना पर्याय शोधणार नाही. माझ्या मालकांनीही शोधला नाही. माल येत होता ना!

पर्याय आपल्याच देशातल्या प्रयोगशाळांनी दाखवलेत. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी सह्याद्रीतल्या झाडांची तपासणी करून दाखवले की एका नरक्यात दुसऱ्याच्या कित्येक पट द्रव्य असू शकते. म्हणजे चांगली झाडे हेरून त्यांची रोपे केली तर कमी झाडांत काम भागेल. त्याच गटाने मिक्वेलिया नावाच्या वेलाच्या फळांतही हे द्रव्य भरपूर असल्याचे नोंदवले. जम्मूच्या संशोधन प्रयोगशाळेने २००५ मध्ये नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतून कॅम्पटोथेसिन मिळवून दाखवले. बुरशीची गोष्ट अजून कारखान्याच्या टाकीपर्यंत पोचायची आहे, कारण प्रयोगशाळेत वाढवत गेले की तिचे उत्पादन घटत जाते. पण फुटवे, निवडक रोपे आणि फळे यांना कसल्या मोठ्या शोधाची वाट बघायची गरज नाही. त्यांना जागा, माणसे आणि परवानगी लागते. पहिल्या दोन गोष्टी आमच्या गावाने ठरावातच देऊ केल्या होत्या. महिला बचत गटाने गायरानातली पाण्याजवळची जागाही पाहून ठेवली होती.

तर मागण्या. भाषा साधी ठेवते, म्हणजे ‘अर्थबोध होत नाही’ असा शेरा नको.

१. नरक्याची मुळे खणणे, विकणे, वाहून नेणे यांवर संपूर्ण बंदी घाला. सरकारी रान असो वा मालकी, सवलत नको.

२. जमिनीवरचा माल काढायचा तर कापणीची उंची, दोन कापण्यांतले अंतर आणि साल काढण्याची पद्धत लिहून द्या. ती मराठीत आणि चित्रांसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

३. वाहतूक परवान्यावर झाडाचे नाव, गाव, गट क्रमांक आणि मालाचा भाग (साल, खोड, फळ) लिहिणे सक्तीचे करा. परवान्याची प्रत त्या गावच्या जैवविविधता समितीला त्याच आठवड्यात मिळाली पाहिजे.

४. कॅम्पटोथेसिन किंवा त्याचा अर्क काढणाऱ्या प्रत्येक कारखान्याने खरेदीची उगम-नोंदवही ठेवावी. राज्यात वर्षाला किती माल कुठल्या तालुक्यातून आला, याचा गोषवारा लोकांसाठी जाहीर करा. निघालेले कॅम्पटोथेसिन आणि परवान्यावरचा माल यांचा ताळा साध्या भागाकाराने लागतो. ताळा लागला नाही तर गुन्हा कारखान्यावर आणि व्यापाऱ्यावरही दाखल व्हावा, फक्त पोती उचलणाऱ्यावर नको.

५. तपासणी नाक्यांवर अतिनील दिवा, पट्ट्या आणि प्रमाण-नमुना द्या, वनरक्षकांना एका दिवसाचे प्रशिक्षण द्या. जप्त मालाचा लिलाव बंद.

६. सह्याद्रीतल्या नरक्याची तालुकावार पाहणी करून आकडे प्रसिद्ध करा. त्यावरून कलम ३८ लावायचे की नाही ते ठरवा. पण ठरवा, आणि कारणांसह जाहीर करा.

७. ज्या गावांच्या नोंदपुस्तकांत हे झाड राहून गेले आहे तिथे पुरवणी नोंद करण्याचे आदेश काढा. लाभवाटणीतून आजवर या झाडापोटी किती रक्कम जमा झाली आणि कुठल्या गावाला किती पोचली, तेही सांगा. उत्तर शून्य असेल तर शून्य लिहा.

८. रोपवाटिकांना मंजुरी द्या. लागवडीचा दाखला देताना लागवडीची तारीख आणि जागेवरची पाहणी बंधनकारक करा.

यांतली पहिली मागणी पैशाशिवाय आणि समिती नेमल्याशिवाय पुरी होण्याजोगी आहे. बाकीच्या सात अडल्या तरी तिला अडायचे कारण नाही.

उत्तर मला पाठवू नये. ते ग्रामसभांना पाठवावे, आणि जसे हे पत्र उघड्यावर आहे तसे तेही उघड्यावर असावे. एक विनंती वेळेबाबत : पाऊस सरला की फळे पिकतात, आणि बी ताजे असतानाच पेरावे लागते. रोपवाटिकेची परवानगी दिवाळीनंतर आली तर एक हंगाम वाया जाईल. बचत गटाच्या बाया पिशव्या भरून तयार आहेत. माती त्यांची, शेणखत त्यांचे. परवानगी तेवढी आपली.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ
कोयना खोरे, जि. सातारा